कुणाकडे शिकलात, या प्रश्नाचं उत्तर

काका,

तुमचं तेरावं होऊन चार दिवस झाले. काल दुपारी सुधाताईंनी तुमच्या वंशावळीच्या चोपड्या ऊन दाखवायला गच्चीवर काढल्या होत्या. परत कापडात बांधताना मी मदतीला बसलो. गाठ मारता मारता त्या म्हणाल्या, "घाटावर सगळे बाबांना पंडितजी म्हणायचे. यजमान गुरुजी म्हणायचे. तुम्हीच एकटे काका म्हणत होतात. असं का हो?"

मी म्हटलं, "सवय लागली."

हे खरं नव्हतं. काका म्हटलं की माणूस जवळचा होतो आणि तरी आपल्याला काही कबूल करावं लागत नाही. नऊ वर्षं मी त्या शब्दाच्या आडोशाला बसून राहिलो. काल तुमच्याच गच्चीवर, तुमच्याच मुलीशी पुन्हा खोटं बोललो, म्हणून आज लिहायला बसलोय. सिंहस्थातल्या त्या तंबूत मी तुम्हाला नाकारलं. त्याची माफी मागायची राहून गेली. तुम्ही होतात तेव्हा रोज वाटायचं, आज बोलू.

आपली पहिली भेट तुम्ही कितीतरी जणांना रंगवून सांगितलीत. वडील गेल्यानंतरच्या दुसऱ्या पितृपक्षात, आईने फार लावून धरलं म्हणून, मी रामघाटावर आलो होतो. तुम्ही संकल्प सांगत होतात, मी मागून म्हणत होतो. वडिलांचं नाव झालं, आजोबांचं झालं. मग तुम्ही थांबलात.

"पणजोबा?"

मी बोटातला दर्भ फिरवत बसलो.

"पणजोबांचं नाव काय, साहेब?"

"माहीत नाही."

"गाव तरी?"

मी गाव सांगितलं. खानदेशातलं, तापीकाठचं, जिथे मी कधी पाऊलही ठेवलेलं नव्हतं. आमचे आजोबा रेल्वेत लागले आणि उज्जैनला आले, त्याच्या अलीकडचंच मला ठाऊक. तुम्ही शेजारच्या पाटावरच्या गिरजाशंकरजींना "जरा यांच्याकडे ध्यान ठेवा" सांगून उठलात आणि गल्लीत गेलात. मी ओल्या धोतरात, बोटात दर्भ अडकवून तसाच बसलो. गिरजाशंकरजी म्हणाले, "भाग मत जाना भैया, तुम्हारे परदादा को लेने गए हैं."

तुम्ही खरंच त्यांना घेऊन आलात. चोपडीचं पान मोडीत लिहिलेलं होतं. तुम्ही बोट ठेवून वाचलंत: गोविंद, बायको, धाकटा भाऊ, सोबत गावचे दोघे. "ही त्यांच्या हातची अक्षरं बरं का. शेवटची ओळ बघा, कशी पळालीय. घाईत असणार, परतीची बैलगाडी उभी असेल." माझ्या घराण्यातला एक माणूस घाईत होता, हे मला तुमच्याकडून कळलं. त्या क्षणी काय झालं कोण जाणे, मी विचारलं, "गुरुजी, मी हे जे म्हणतोय त्याचा अर्थ काय?"

तुम्ही हातातला तांब्या खाली ठेवलात. "चाळीस वर्षांत असं विचारणारे तुम्ही सहावे. उद्या सकाळी या. आज मागे रांग आहे."

मी आलो. आणि तिथेच माझी चूक सुरू झाली, कारण मी शिकायला तुमच्याकडे येत होतो आणि गुरू मात्र दुसरीकडे शोधत होतो.

तुम्हाला माझी ती डायरी आठवते ना? हिंदू धर्माचा अभ्यास करायचा तर पद्धतशीर करायचा, असं मी ठरवलं होतं. बँकेत पासबुकं तपासतो तसा. आधी ग्रंथांची यादी, मग गुरूंची. दर रविवारी स्कूटर काढून मी कुठल्या ना कुठल्या आश्रमात जायचो आणि सोमवारी पहाटे तुम्हाला हकिकत सांगायचो. एका ठिकाणी नुसती भजनं, एका ठिकाणी प्रश्न विचारायची बंदी, एका ठिकाणी महाराज रंगीत टीव्हीवर क्रिकेट बघत होते.

"या आठवड्यात कोण नापास झालं?" तुम्ही विचारायचात.

"काका, चेष्टा करू नका. गुरू पारखूनच घ्यावा लागतो."

"बरोबर आहे. तू पारख. तोवर या तिळाच्या डब्याचं झाकण घट्ट बसलंय, ते काढ."

आणि एकदा, आपल्या दुसऱ्या पितृपक्षात, तर्पणाच्या यादीत शेवटी शेवटी गुरूचं नाव येतं, तिथे तुम्ही मला विचारलंत, "गुरू कुणी गेलेत का तुझे?" मी तुमच्यासमोर मांडी घालून, तुम्ही ओतलेलं पाणी ओंजळीत घेऊन म्हणालो, "गुरू अजून भेटलेच नाहीत काका. शोध चालू आहे." गिरजाशंकरजींना ठसका लागला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "हरकत नाही. ही ओळ सोडून पुढे म्हण."

तुमची शिकवण्याची रीत तरी काय! मी मोठमोठे इंग्रजी ग्रंथ वाचून यायचो आणि तुम्ही मला एखाद्या यजमानासमोर बसवायचात. "मी मंत्र म्हणतो, तू त्याला सांग तो काय करतोय ते. त्याच्या भाषेत. त्याची मान हलली तर तुला समजलं. नाही हलली तर परत वाचून ये." बँकेत जाण्याआधी रोज तासभर. धुळ्याचे, नंदुरबारचे, बऱ्हाणपूरचे लोक. सहा महिने कुणाची मान हलली नाही.

तो भावाचं करायला आलेला म्हातारा मला अजून दिसतो. बांधावरून भावाशी बारा वर्षं बोलणं नव्हतं आणि भाऊ अचानक गेला. त्याने विचारलं, "आम्ही भांडलेलो होतो. माझ्या हातचं पाणी त्याला पोचेल का?" मी आत्म्याचं अमरत्व सांगू लागलो. म्हातारा माझ्या तोंडाकडे नुसता बघत राहिला. तुम्ही मला कोपराने ढोसलंत आणि स्वतः म्हणालात, "बाबा, त्याला पोचतं का, ते मी पाहिलेलं नाही. पण देणाऱ्याच्या मनातलं भांडण सुटतं, हे मी रोज इथे बसून पाहतो. घाला पाणी." म्हातारा रडला आणि त्याने पाणी घातलं. परत जाताना तुम्ही मला म्हणालात, "तुझं चूक नव्हतं. पण त्याने ते विचारलं नव्हतं."

त्याच दिवशी तुम्ही मला तो प्रश्न दिलात. देवास गेटला हातगाडीपाशी उभं राहून आपण पोहे खात होतो (पोह्यांना सोवळं लागत नाही, असा तुमचा स्वतःचा एक नियम होता). तुम्ही म्हणालात, "तुझ्या पुस्तकात लिहिलंय ना, आत्म्याला भूक नाही, तहान नाही? मग हे पाणी कुणाला? दोन्ही खरं धरून विचार कर. उत्तराची घाई करू नको, वर्ष जाऊ दे." मग पोह्यांचा कागद टाकून तुम्ही बसस्टँडवर गेलात आणि येणाऱ्या गाड्यांकडे बघत ओरडू लागलात, "जळगाव, धुळे, शिरपूरवाले! इकडे या, आपले तीर्थोपाध्याय इथे!" कंडक्टर ओरडतो तसे. मी पेपर तोंडापुढे धरून दुसऱ्या बाजूने निघून गेलो. शाखेतलं कुणी पाहील, अशी भीती वाटली. ही लाज मला आधीपासून होती, काका. तंबूत ती फक्त तोंडाने बाहेर पडली.

सिंहस्थ आला. आमच्या बँकेने मेळ्यात तात्पुरती खिडकी उघडली होती, माझी ड्युटी तिथे लागली. समोरच त्या स्वामींचा मंडप. कूलर, गाद्यांच्या खुर्च्या, मागच्या लोकांना दिसावं म्हणून चार टीव्ही. ते हिंदीत बोलत, मध्येच इंग्रजीत शिरत, आणि वेदान्त असा मांडत की माझ्या डायरीतले सगळे रकाने भरून जावेत. मी तुम्हाला सांगितलं, "काका, बहुतेक मिळाले."

"चल, मीही येतो," तुम्ही म्हणालात. "नवीन मास्तर कसे शिकवतात, बघून घेऊ."

मी आमच्या मॅनेजरसाहेबांबरोबर पुढे बसलो. तुम्ही मागे सतरंजीवर, डोक्यावर ओलं उपरणं टाकून. प्रवचनानंतर प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी उभा राहिलो आणि विचारलं, आत्म्याला तहान नसेल तर तर्पणाचं पाणी कुणासाठी? स्वामी हसले. "बहुत अच्छा प्रश्न है. किसके पास पढ़े हो?"

मी वळून पाहिलं असतं तर तुम्ही दिसला असतात. मी वळलो नाही. शेजारी मॅनेजरसाहेब सफारी घालून बसले होते. माझ्या डोळ्यांपुढे तिळाचे डाग पडलेलं धोतर आलं, बसस्टँडवरची ती हाळी आली. मी म्हणालो, "किसी के पास नहीं, महाराजजी. अपने आप."

माइक होता. चारी टीव्हींवर मी होतो.

परतताना आपण पुलापर्यंत चालत आलो. ऊन टाळूत शिरत होतं. मी मनात दहा सबबी तयार करत होतो. पुलावर तुम्ही थांबून नदीकडे पाहिलंत आणि म्हणालात, "प्रश्न चांगला विचारलास. आवाजही खणखणीत होता." एवढंच. दुसऱ्या दिवशी घाटावर गेलो तर गिरजाशंकरजी म्हणाले, "क्यों बैंकवाले, सुना कल बड़ी तारीफ हुई!" म्हणजे तुम्ही येऊन कौतुक तेवढं सांगितलं होतंत. बाकीचं गिळून टाकलंत. त्यापेक्षा चार लोकांत माझा कान धरला असतात तर मी तुमच्या पायाशी बसून मोकळा झालो असतो. तुम्ही मला ती सोय ठेवली नाहीत, याचा मला कधी कधी रागसुद्धा आला. आज हेही सांगून टाकतो.

मी त्या स्वामींकडून दीक्षा घेतली. त्यांचं केंद्र पुढे फ्रीगंजात, टावर चौकाच्या पलीकडे एका हॉलमध्ये सुरू झालं. स्वामी वाईट नव्हते काका, हे तुम्हीच मला वारंवार सांगितलंत. त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकलो. पण ते वर्षातून दोनदा यायचे, उरलेला वेळ त्यांची व्हिडिओ कॅसेट. मी घाटावर येणं कमी केलं, आणि आलो तेव्हा तुमच्याशी वाद घातला. मी म्हणालो, कर्मकांड ही खालची पायरी आहे, वर गेल्यावर ती सोडायची असते. तुम्ही दर्भ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "वर गेलास, चांगलं झालं. पण तिथून खाली रडत बसलेला माणूस दिसतो की नाही, तेवढं बघून मला सांग."

मी उठून गेलो. पुढचं सांगायला आलोच नाही. जवळजवळ तीन वर्षं.

तेवढ्यात शहर बदललं. गिरण्यांचे भोंगे बंद झाले होते, घराघरांवर केबलच्या तारा लटकल्या, शाखेत कॉम्प्युटर आले आणि आम्ही जुने लोक रात्रीत अडाणी ठरलो. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ उघडला. तुम्ही अमेरिकेतल्या एका यजमानाला फोनवर श्राद्ध सांगितल्याची गोष्ट मला तिसऱ्याच माणसाकडून कळली. तो म्हणत होता, तुम्हीच तिकडे करून टाका, मी पैसे पाठवतो. आणि तुम्ही बूथमधून ओरडत होतात, "घरी नळ आहे ना? मग उघड! हात तुझाच पाहिजे!" मी खूप हसलो आणि मग वाटलं, ही गोष्ट मला पहिल्यांदा कळायला हवी होती.

आई गेली तेव्हा मी केंद्रावर फोन केला. तिथले सचिव भले गृहस्थ. ते म्हणाले, स्वामीजी परदेशात आहेत, फॅक्स करून ठेवतो, शोकसंदेश येईल. मी रिसीव्हर ठेवला. पुढे काय करतात, ते मला सगळं येत होतं, शेकडो लोकांना मी ते समजावलं होतं. पण माझे हात चालेनात. तेव्हा फाटक वाजलं. खांद्याला कापडी पिशवी लावून तुम्ही माधव नगरपर्यंत टेम्पोने आला होतात. मी बोलावलं नव्हतं.

"चल," तुम्ही म्हणालात, "पाणी काढ. आईचं आहे, घाई नको."

दहा दिवस तुम्ही रोज आलात. माझी बहीण इंदूरहून आली होती, ती वेड्यासारखी एकच विचारत होती, "आता आई कुठे आहे?" तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. "हा सांगेल. याची भाषा माझ्यापेक्षा चांगली आहे." मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. काय सांगितलं, आठवत नाही, पण तिने मान हलवली. तुम्ही ते पाहिलंत, आणि तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कुठल्या आश्रमात कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. त्या दहा दिवसांत माफी मागण्याच्या निदान वीस वेळा आल्या. मी दर वेळी म्हणालो, "काका, चहा घ्या."

त्यानंतर मी पुन्हा पहाटे येऊ लागलो. तुम्ही काही विचारलं नाहीत, तिळाचा डबा पुढे सरकवलात. पण आपल्या दोघांत ती जागा रिकामीच होती. मला दिसायची. तुम्हाला दिसायची का?

गेल्या माघात तुम्हाला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ज्या माणसाच्या तोंडी शेकडो घराण्यांची नावं होती, त्याला पाणी मागता येईना. एके दिवशी सुधाताई शाळेत गेल्या होत्या, खोलीत आपण दोघंच होतो. मी म्हणालो, "काका, त्या तंबूत मी..." तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, थकलात. मी चादर नीट केली आणि उठलो. तुम्ही ऐकायला डोळे मिटले होतेत की पुरे म्हणायला? त्यानंतर अकरा दिवसांनी तुम्ही गेलात. हा प्रश्न मी रोज उलटासुलटा करतो. तुम्ही सांगितलं होतंत तशी याही उत्तराची घाई करत नाही. पण याला एक वर्ष पुरणार नाही, असं वाटतं.

आता दहाव्याचं सांगतो. तुम्ही असतात तर सगळ्यात जास्त तुम्हीच हसला असतात.

विधी देवासच्या तुमच्या पुतण्याने केला, मंत्र गिरजाशंकरजी सांगत होते. तुमच्याच पाटावर. घरच्यांची तिलांजली झाली, मग बाकीचे एकेक पुढे सरकू लागले. तीसेक माणसं होती. गिरजाशंकरजी प्रत्येकाला नातं विचारत आणि ते जोडून पाणी सोडायला सांगत. भाचा, व्याही, शेजारी. नऊ वर्षं ते मला ओळखतात, तरी माझी पाळी आली तेव्हा त्यांनी चष्मा वर करून रीतसर विचारलं, "आप? क्या लगते थे?"

मागे आमच्या शाखेतले दोघे उभे होते, केंद्राचे सचिवही आले होते. काका म्हणता आलं असतं. सगळ्यांना खरंही वाटलं असतं.

मी म्हणालो, "शिष्य."

हळू निघालं ते. गिरजाशंकरजींनी कानामागे हात धरला. मी पुन्हा म्हणालो, या खेपेला मोठ्याने, "शिष्य हूँ. इन्हीं के पास पढ़ा."

त्यांनी माझ्या हातावर तीळ ठेवले. "अरे मालूम है, भाई," ते म्हणाले. "बरसों से सुन रहे हैं. पंडितजी कहते थे, मेरा एक ही चेला है, बैंकवाला. और वो मानता नहीं."

लोक हसले. सुधाताई रडता रडता हसल्या. मीही हसलो आणि हसताना हात असा हलला की अर्धे तीळ पायरीवर सांडले. गिरजाशंकरजींनी चिमूटभर आणखी घातले.

काका, म्हणजे तुम्ही हे सगळ्या घाटाला सांगत होतात. मी तुम्हाला चार टीव्हींवर नाकारलं, आणि तुम्ही मला रोज, पाटावर बसून, आपलं म्हणत होतात. मला तेवढं कधी ऐकू आलं नाही.

मी पाणी सोडलं. तुमचं नाव घेतलं, तुमचं गोत्र घेतलं, आणि त्यापुढचा 'गुरू' हा जो शब्द नऊ वर्षं गिळला होता, तो म्हटला. तुम्हाला पोचला का, मी पाहिलेलं नाही.